मोकळा शून्य

शी! आधी तेच म्हणून घेते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको, की बाई, तुमचा सूर असा का. मला किळस आली आहे. पाण्याची आली, त्याहून जास्त माणसांची आली, आणि एका शब्दाची तर इतकी आली आहे की तो कानावर पडला तरी घशाशी येतं.

मी पाणी हुंगते. हसू नका, हाच माझा धंदा. पाणीपुरवठा केंद्राच्या प्रयोगशाळेत मी रसायनाचं काम बघते, पण तिथे मला ओळखतात ते नाकावरून. चंबूत पाणी घ्यायचं, जरा कोमट करायचं, बूच लावून हलवायचं, बूच काढलं की नाक आत. मातीचा वास, शेवाळाचा, गंजाचा, मेलेल्या माशाचा, सगळे मला वेगवेगळे कळतात. यंत्राला जे सापडायला अर्धा दिवस लागतो, ते मी एका श्वासात सांगते. त्यामुळे ऑफिसात माझं नावच 'नाक' पडलं. "नाकाला विचारा." "आज नाक रजेवर आहे." मी नाकावर माशी बसू देत नाही, हेही त्यांचंच म्हणणं, आणि त्यात खोटं काही नाही.

हे नाव घरी आणलं आमच्या ह्यांनी, आणि उचलून धरलं वन्संनी. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्या आमच्याकडेच राहायच्या. आमचं कधी पटलं नाही. मी नाकाने कांदे सोलते असं त्यांचं मत, आणि त्यांच्या जिभेला हाड नाही असं माझं. मी टॉवेल वाळत घातला की त्या उठून परत झटकून घालणार. त्यांनी चहा केला की मी भांडं हुंगून बघणार. "अगं, विष नाही घातलं," त्या म्हणायच्या, "घालायचं असतं तर लग्नातच घातलं असतं, एवढी वर्षं कोण थांबतंय!" आणि मग दोघी हसायचो. आता घरात टॉवेल मी घालते तसाच राहतो. नको झालंय मला ते.

त्यांना दिवसाआड डायलिसिस असायचं. मशीनला त्या 'नवरा' म्हणायच्या. खरा नवरा तरुणपणीच गेला होता. "हा बरा," म्हणायच्या, "दिवसाआड भेटतो, रक्त पितो, पण परत तरी देतो." सुया टोचायला सोपं जावं म्हणून त्यांच्या डाव्या हाताची शीर आणि धमनी डॉक्टरांनी जोडून दिली होती. तिथे बोट ठेवलं की आत सतत गुणगुण लागायची. "बघ गं, माझी मधमाशी जागी आहे का," असं म्हणून त्या रोज सकाळी मनगट माझ्यापुढे करायच्या. मी बोट ठेवायची, मधमाशी जागी असायची, मग आमचा दिवस सुरू व्हायचा.

अशा आजारात पाणी मोजून प्यायचं असतं, कारण आत गेलेलं बाहेर पडायला वाटच नाही. वन्संच्या वाट्याला दिवसाचं मोजकं पाणी, त्यातलंच औषधाला, त्यातलंच चहाला. तहान लागली की बर्फाचा तुकडा चघळत बसायच्या. आणि गंमत बघा, ज्यांना घोटभर पाणी मोजून मिळायचं, त्यांचं रक्त मात्र प्रत्येक खेपेला पिंपभर पाण्याशेजारून जायचं. मशीनमध्ये एक नळकांडं असतं. त्यात पातळ पडदा, पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला पाणी. रक्तातली घाण पडद्यातून पाण्यात उतरते. पण पडद्याला काय कळतंय? पाण्यात काही वाईट असलं तर तेही इकडून रक्तात जातं. आपण पाणी पितो तेव्हा मधे पोट असतं, ते बरंच काही सांभाळून घेतं. वन्संच्या रक्तात आणि आमच्या नळाच्या पाण्यात पोट नव्हतं. डायलिसिस केंद्रातल्या कोळशाच्या टाक्या होत्या, आमच्या क्लोरीनला अडवायला, त्यापुढे गाळणीचे दुसरे पडदे, आणि बाकी सगळा विश्वास.

"नीट हुंगत जा गं बाई," वन्सं म्हणायच्या, "माझं रक्त तुझ्या पाण्यात धुतात." त्या चेष्टेनंच म्हणायच्या. पण त्यांची डायलिसिसची पाळी असली की मी त्या दिवशी चंबूत दुसऱ्यांदा नाक घालायची.

तर त्या उन्हाळ्यात तलाव खाली गेला. वरच्या झडपा कोरड्या पडल्या, म्हणून तळाची झडप उघडली. तळाचं पाणी म्हणजे काय हे ज्याने हुंगलं नाही तो भाग्यवान. वर्षानुवर्षांची पानं, काटक्या, शेवाळ तळाशी बसून कुजलेलं असतं. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग, आणि कुजता कुजता त्यात अमोनिया उतरलेला. हे सगळं निसर्गाचंच, त्यात कुणाचा दोष नाही. दोष होता तो वरच्या अंगाच्या कारखान्याचा. तिथे लाकडी फळ्या चिकटवायचा डिंक बनवतात, आणि त्याचं फिनॉलवालं सांडपाणी ओढ्यातून गुपचूप तलावात येतं. तलाव भरलेला असताना ते कुठल्या कुठे विरून जायचं. आता पाणीच उरलं नाही, तर विरणार कशात? आणि फिनॉलला थोडासाच क्लोरीन लागला की जो वास सुटतो तो औषध टाकून पुसलेल्या फरशीचा. नळ सोडला की मोरीतून हॉस्पिटल यायचं, आणि त्यामागून कुजकी पानं. लोकांनी फोन करून करून आमचं डोकं उठवलं. मला तर जेवण जाईना. केसांना तो वास, पदराला तो वास, उशीलाही तोच.

आणि आमचे नवे साहेब! त्यांचं नाव आम्ही 'दुप्पट' ठेवलं होतं. कारण कुठलीही अडचण नेली की उत्तर एकच. तुरटी पुरत नाही? दुप्पट करा. पहारेकरी झोपतो? दुप्पट पहारेकरी ठेवा, म्हणजे दुप्पट झोपतील. माणूस नेहमी इस्त्रीतला, हाताला सुगंधी काहीतरी चोळलेलं, आणि स्वतःच्या केबिनमध्ये विकतच्या पाण्याचा कूलर. आमचं पाणी तोंडात घेताना त्यांना मी कधी पाहिलं नाही. आपण केलेलं आपल्याच घशाखाली उतरत नसेल तर माणसाने तो धंदा करू नये, पण हे सांगणार कोण?

वासावर त्यांनी बैठक बोलावली. नगराचे मोठे लोक खुर्च्यांवर, टेबलावर पांढरं कापड, त्यावर एक काचेची बरणी. साहेबांनी बरणीत पाणी ओतलं, त्यात कारखान्याच्या सांडपाण्याचे थेंब टाकले, आणि बरणी सगळ्यांच्या नाकापुढून फिरवली. सगळ्यांनी नाकं मुरडली. मग त्यांनी क्लोरीनचं द्रावण घातलं आणि म्हणाले, "आता चहा घेऊ." चहा झाला, परत बरणी फिरली, आणि काय आश्चर्य! वास गायब. टाळ्या झाल्या. एका पाहुण्याने तर बरणीला नमस्कार करायचाच बाकी ठेवला.

मी मागे उभी होते. मला राहवेना. "साहेब, हे पाणी कुठलं?"

"पाणी ते पाणी, बाई."

"तुमच्या कूलरचं आहे."

"मग?"

"मग ते कोरं आहे. कोऱ्या पाण्यात क्लोरीनला दुसरं कामच नसतं. सगळाच्या सगळा फिनॉलच्या मागे लागतो आणि त्याला पुरता जाळतो. आपल्या तलावाचं पाणी घ्या आणि हेच करून दाखवा."

"काय फरक पडणार आहे?"

मी सांगितलं. शक्य तेवढं सोपं करून सांगितलं. म्हटलं, साहेब, एका पाहुण्यासाठी स्वयंपाक करावा आणि दारातच फुकट्यांनी ताटं ओढावीत, तसं होतं. कुजक्या पानांचा रस क्लोरीनला आधी खाऊन टाकतो, आणि खाऊन स्वतः नवीन घाण करून ठेवतो, ती वेगळीच. उरलेल्याला अमोनिया धरतो. फिनॉलपर्यंत पोचतो तो चिमूटभर, आणि चिमूटभराने फिनॉल जळत नाही, अर्धवट होतो, आणि अर्धवट फिनॉल पहिल्यापेक्षा जास्त घाण मारतो. आणि अमोनियाने धरलेला क्लोरीन संपत नाही बरं का. तो पाण्यात तसाच राहतो, बांधलेला. कामाला लंगडा, पण राहायला चिवट.

साहेबांनी शांतपणे ऐकलं, पाहुण्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, "म्हणजे क्लोरीन कमी पडतो. म्हणजेच दुप्पट करायला हवा."

सगळे हसले. मी म्हटलं, "निदान एक बरणी आपल्या पाण्याची करून बघू. मी आत्ता घेऊन येते."

"टेबलावर ती घाण नको, बाई. पाहुणे आहेत."

घाण! रोज हजारो घरांच्या माठात जी गेली तरी चालते, ती यांच्या पांढऱ्या कापडावर चालत नाही. मी म्हटलं, तळाची झडप बंद करा, जुन्या विहिरींवर पंप बसवा, काही दिवस लोकांना निम्मं पाणी द्या, पण बरं द्या. पण साहेबांच्या शब्दकोशात 'निम्मं' हा शब्दच नव्हता. लोकांपुढे जाऊन निम्मं म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. संध्याकाळी क्लोरीन दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संची पाळी होती. चूळ भरता भरता त्या ओरडल्या, "अगं नाक! आज नळाला थेट माझ्या सासरचा वास येतोय. मशीन घरीच मागवलंस की काय?"

"चूळ भरा आणि थुंका. गिळू नका."

"गिळायला मला परवानगी कुठे आहे? माझं आजचं पाणी चहात गेलं." मग त्यांनी मनगट पुढे केलं. मी बोट ठेवलं. मधमाशी जागी होती. "चल रे," त्या आमच्या ह्यांना म्हणाल्या, "नवरा वाट बघतोय. उशीर झाला की चावतो." आमचे हे त्यांना हॉस्पिटलच्या डायलिसिस केंद्रात सोडून तसेच कामावर जायचे. दोघं गेली, मी प्रयोगशाळेत आले.

क्लोरीन तपासायची आमची साधी रीत आहे. नळीत पाणी घ्यायचं आणि पहिली गोळी टाकायची. पाणी गुलाबी झालं तर तेवढा क्लोरीन मोकळा आहे, म्हणजे कुणी न धरलेला. मग त्याच नळीत दुसरी गोळी टाकायची. त्यानंतर जो जास्तीचा गुलाबी चढतो तो बांधलेला. दोन गोळ्या, दोन उत्तरं. पहिलीवर थांबलात तर अर्धंच उत्तर मिळतं.

पहिली गोळी टाकली. पाणी तसंच्या तसं. क्लोरीन दुप्पट केला होता आणि मोकळा कणभर नाही! सगळाच्या सगळा खाल्ला गेला होता, नाहीतर बांधला गेला होता. दुसरी गोळी टाकली, आणि नळी अशी भडक गुलाबी झाली की मी ती खिडकीशी नेऊन परत बघितली. एवढा बांधलेला क्लोरीन मी त्या नळीत कधी पाहिला नव्हता. चंबू हुंगला, तर फरशीचा वास, पानांचा वास. बांधलेल्या क्लोरीनचा वास त्या घाणीखाली असा दडून बसला होता की माझ्या नाकाला पत्ता नाही. ज्या नाकावर एवढा तोरा, त्याला तो हुंगता आला नाही.

नळी घेऊन मी तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "हे बघा."

"हे दुसऱ्या गोळीचं आहे ना? पहिलीचं किती?"

"शून्य."

"मग तक्रार काय आहे तुमची? काल म्हणालात क्लोरीन घालू नका. आज घातलेला दिसतही नाही. उलट अजून वाढवायला वाव आहे."

"साहेब, दिसत नाही म्हणजे नाही असं नाही! बांधलेला आहे. पिणाऱ्याला तो लगेच काही करत नाही, पण..."

"बरं, बरं." त्यांनी हाताने मला थांबवलं. "हॉस्पिटलवाल्यालाही मी तेच सांगितलं. सकाळी फोन होता त्याचा. नळाला वास येतोय, क्लोरीन वाढवलाय का, म्हणून विचारत होता. म्हटलं, काळजी करू नका. मोकळा शून्य."

मी नळी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"त्याने बांधलेला किती, विचारलं?"

"नाही विचारलं."

"तुम्ही सांगितलं?"

"त्याने विचारलं नाही, बाई."

त्या वेळी तिथेच काहीतरी फेकून मारावं असं वाटलं, पण मारायला वेळ नव्हता. एवढंच सांगते की बांधलेला क्लोरीन पडद्यापलीकडे रक्तात गेला तर रक्ताच्या तांबड्या पेशी फोडतो. आणि केंद्रातल्या कोळशाच्या टाक्या मोकळ्या क्लोरीनला झटकन पकडतात, पण बांधलेल्याला पकडायला त्यांना वेळ लागतो, आणि तो जास्त असला की बराचसा तसाच निसटून पुढे जातो. पुढचे पडदेही त्याला अडवत नाहीत. मी केंद्राला फोन लावला. लागेना, सारखा दुसऱ्याशी बोलतोय म्हणून सांगतोय. आमच्या ह्यांना लावला, ते उचलेनात. दोन्ही गोळ्यांच्या डब्या पर्समध्ये टाकल्या आणि धावत सुटले. रस्त्यात गाडी मिळाली तिच्यात बसले, बाई कुठे जायचंय म्हणून ड्रायव्हर विचारतोय आणि मी नुसती पुढे बोट दाखवतेय.

केंद्रात नेहमीसारखं सगळं शांत होतं. भिंतीला ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस, प्रत्येकाशेजारी एक मशीन फिरतंय. कोण पेपर वाचतंय, कोण डोळे मिटून पडलंय. मशीन सांभाळणारा माणूस, त्याला सगळे मशीनवालाच म्हणायचे, माझ्याकडे हसून बघत आला.

"बंद करा!" मी म्हटलं. "सगळी बंद करा!"

"अहो ताई, काय झालं? तुमच्या साहेबांशी बोललोय मी. शून्य आहे."

"काय शून्य?"

"क्लोरीन. मोकळा शून्य, म्हणाले."

"आणि तुम्ही बघितलंत?"

"बघितलं की. गोळी टाकली, पाणी पांढरंच राहिलं. दुसऱ्या गोळ्या संपल्यात, मागवल्यात. पण साहेबच शून्य म्हणाले, म्हटलं, मग काय..."

कोळशाच्या टाकीनंतरच्या नळातून मी पाणी घेतलं आणि माझ्या दोन्ही गोळ्या टाकल्या. नळी त्याच्या डोळ्यांसमोर गुलाबी झाली. त्याच्या तोंडचा रंग गेला. चांगला माणूस होता तो, एका क्षणात वळला आणि पळत सुटला, एकेक मशीन बंद करत. त्याला मी आजही बोल लावत नाही.

वन्सं शेवटच्या खुर्चीत होत्या. सगळ्यांत आधी त्यांनाच लावलं होतं, कारण आमचे हे त्यांना कधी उशीर होऊ द्यायचे नाहीत. नळीतलं रक्त मी पाहिलं. रक्त दाट असतं, त्यातून पलीकडचं दिसत नाही. हे पातळ झालं होतं, काळपट सरबतासारखं, आणि त्यातून मला मशीनचं बटण दिसत होतं.

"आलीस?" वन्सं म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "इथेही... हुंगायला?"

"काय होतंय वन्सं?"

"पाठ फुटतेय गं. आणि छातीवर कुणी बसलंय." मग मशीनवाल्याकडे बघून म्हणाल्या, "माझं रक्त परत दे रे. रोज देतोस."

ते रक्त परत देण्यासारखं राहिलं नव्हतं. त्याने नळी चिमट्याने दाबली आणि तोंड फिरवून डॉक्टरांना हाका मारायला लागला.

"पाणी दे," वन्सं मला म्हणाल्या.

मी बेसिनकडे वळले आणि जागच्या जागी थांबले. त्या अख्ख्या इमारतीत जे पाणी होतं ते आमचंच होतं. मी खाली पळाले, समोरच्या दुकानातून बाटली आणली. सवयीने झाकणात मोजून ओतायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"आज मोजू नको गं."

मी मोजलं नाही. बाटलीच तोंडाला लावली. त्या गटागटा प्यायल्या, एवढं पाणी त्या आमच्याकडे आल्यापासून कधी प्यायल्या नव्हत्या. हनुवटीवरून ओघळलं ते मी पदराने पुसलं. "याला वास नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. मधमाशी होती, पण मधेच थांबत होती.

बाकीचे वाचले. त्यांना नंतर लावलं होतं, त्यांच्यात फार काही गेलं नव्हतं, काहींना रक्त चढवावं लागलं, पण वाचले. वन्संना पण चढवलं. पण मुळात थकलेलं हृदय त्यांचं. दुपारनंतर मधमाशी गप्प झाली. आमचे हे पोचले तेव्हा मी बोट तिथेच धरून बसले होते. "उठ आता," ते म्हणाले, आणि मग स्वतःच खाली बसले.

त्याच दिवशी तळाची झडप बंद झाली. विहिरींवर पंप बसले. लोकांना निम्मं पाणी मिळायला लागलं, आणि लोकांनी काही आरडाओरडा केला नाही. इतकं सोपं होतं ते. साहेबांना वरून विचारणा झाली तेव्हा त्यांनी सांगितलं की मी खोटं काहीच बोललो नाही, मोकळा शून्यच होता, हवं तर नळी बघा. आणि खरंच होतं ते. त्यांच्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आपल्याकडे म्हणतात ना, बोलून मोकळे झाले.

घरी भेटायला माणसं येत होती. येणारा प्रत्येकजण थोडा वेळ बसायचा, उसासा टाकायचा आणि म्हणायचा, "किती भोगलं. सुटल्या बिचाऱ्या. मोकळ्या झाल्या." लोक म्हणतातच असं, त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो. मी दात आवळून ऐकून घ्यायची.

मग एका सकाळी साहेब आले. तसेच इस्त्रीतले, हाताला तोच सुगंध. आमच्या ह्यांनी रीतीने पाण्याचा पेला पुढे ठेवला. साहेबांनी तो हातात घेतला, जरा वेळ धरला, आणि नकळत टेबलावर ठेवून दिला. मग बोलता बोलता पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि तिच्यातून एक घोट घेतला. माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या घरात. शिसारी म्हणजे काय ते मला त्या घोटाने कळलं, त्या तळाच्या पाण्यानेही इतकं कळलं नव्हतं.

बाटलीचं झाकण लावत ते म्हणाले, "फार त्रास होता त्यांना, नाही? पण असं बघा, सुटल्या त्या. मोकळ्या झाल्या."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, राहू दे म्हणून. मी नाही राहू दिलं.

"मोकळ्या नव्हत्या, साहेब," मी म्हटलं. "बांधलेल्या होत्या. खुर्चीला बांधलेल्या होत्या, मशीनच्या नळीला बांधलेल्या होत्या, आणि तुमच्या शब्दावर विसंबून होत्या. तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही दुसरी गोळी टाकलीच नाहीत."

साहेब "येतो," म्हणाले, बाटली उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

पेला टेबलावर तसाच भरलेला होता. मी तो उचलला आणि सवयीने नाकाशी नेला. विहिरीचं पाणी होतं, निर्मळ. कसलाच वास नव्हता. मी पेला खाली ठेवला, मोरीत गेले आणि भडाभडा ओकले.